ग्वाल्हेरच्या पाण्यात थव्याचे मासे

घरात मासे पाळण्याचा विषय निघाला की पहिली चर्चा रंगाची होते. निळ्या-लाल पट्ट्याचे निऑन घ्यायचे की सोनेरी गोल्डफिश, हे ठरते. टाकी त्याच दिवशी येते, संध्याकाळी नळाच्या पाण्याने भरली जाते आणि रात्री तिच्यात मासे सोडले जातात. पंधरा दिवसांत निम्मे मासे मेले, की ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून टाकी माळ्यावर जाते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर अशा टाक्या निघतील.

लाभण्या-न लाभण्याचा यात काही संबंध नाही. तिथल्या नई सडकेवरच्या घरात मे महिन्यात खोलीचे तापमान कुठवर चढते, जानेवारीत कुठवर उतरते, नळाला काय येते आणि बोअरला काय येते, या चार गोष्टींवर मासा जगणार की नाही ते ठरते. त्यानंतर प्रश्न येतो किती मासे ठेवायचे हा, आणि रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. हा क्रम पाळला तर लहान, शांत, थव्याने राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांसाठी ग्वाल्हेर मुळीच वाईट गाव नाही. फक्त मग उत्तर बहुतेक वेळा ॲमेझॉनच्या माशाकडे न जाता आपल्याच गंगा-यमुनेच्या खोऱ्यातल्या माशाकडे जाते. या लेखात त्या उत्तरापर्यंत टप्प्याटप्प्याने जायचे आहे.

थवा कशासाठी

दोन-तीन इंचांचा मासा निसर्गात प्रत्येकाचे खाद्य असतो. मोठा मासा, बगळा, खंड्या, पाणसाप सगळे त्याच्या मागे असतात. त्याच्याकडे काटा नाही, विष नाही, चिलखत नाही. बचावाचे साधन एकच, संख्या. थव्यात डोळे जास्त असल्याने धोका लवकर दिसतो, शिकार होण्याची वेळ एकेकट्यावर कमी येते, आणि एकसारख्या दिसणाऱ्या हलत्या गर्दीतून नेमका एक मासा टिपणे शिकाऱ्याला अवघड जाते.

हे एकत्र पोहणे कोणा पुढाऱ्याच्या हुकमाने होत नाही. मासा शेजाऱ्याकडे पाहतो, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदी रेषेने त्याच्या हालचालीने उठलेली पाण्यातली लाट ओळखतो. १९७६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात डोळे झाकलेला मासासुद्धा थव्यात आपली जागा धरून पोहू शकतो, असे दिसले होते. पुढे १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर थवा उभा केला तो तीनच नियमांवर: शेजाऱ्याला धडकू नये, त्याच्या दिशेने आणि वेगाने जावे, आणि घोळक्यापासून फार लांब राहू नये. चित्रपटांतले पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे थवे नंतर याच युक्तीने काढले गेले.

घरच्या टाकीसाठी यातला मुद्दा असा की थव्याचा मासा एकटा ठेवला तर त्याच्या दृष्टीने तो कायम उघड्यावर असतो. तो कोपऱ्यात राहतो, रंग फिका पडतो, खाण्याला उशिरा येतो, किंवा उलट शेजाऱ्यांचे पर कुरतडू लागतो. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी निऑन टेट्रा, व्हाइट क्लाउड, एंजल आणि टायगर बार्ब हे घरोघरी पाळले जाणारे चार मासे एक, दोन, पाच आणि दहाच्या गटांत ठेवून त्यांचे वागणे तपासले. मोठ्या गटांत एकत्र पोहणे वाढले आणि भांडणे कमी दिसली. ‘एक जोडी द्या’ ही दुकानात सहज केली जाणारी मागणी थव्याच्या माशासाठी सगळ्यात वाईट आहे. चार जातींच्या चार जोड्या घेण्यापेक्षा एका जातीचे दहा घ्यावेत. दहा हा आकडा काही दैवी नाही. सहाच्या खाली मात्र जाऊ नये.

टाकी किती मोठी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीचे आकारमान जवळपास ५७ लिटर भरते. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ ते ५० लिटर पाणी उरते. दीड इंची माशांच्या दहा-बाराच्या एका थव्याला ही टाकी पुरते. तीन फुटांची मिळाली तर दोन थवे सुखाने राहतात. थव्याला लांबी लागते, उंची नाही. उभट, षटकोनी, शोभेच्या टाक्या म्हणून टाळाव्यात. काचेच्या गोल भांड्याचा तर विचारच नको. पाच लिटर पाणी एका दुपारीत तापते आणि एका जास्तीच्या चिमूटभर दाण्याने नासते.

वजनाचाही हिशेब ठेवावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यावर काच आणि खडी. दोन फुटांची भरलेली टाकी सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जाते. जुन्या वाड्यांत लाकडी तुळयांच्या वरच्या मजल्यापेक्षा खालची दगडी खोली बरी, आणि उन्हाळ्यात ती गारही राहते. झाकण हवेच. झेब्रा मासा आणि त्याचे भाऊबंद उडी मारण्यात पटाईत असतात.

एकाच घरात दोन पाणी

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी दिलेला सल्ला इथे फसतो तो पाण्यापाशी. योगायोग असा की पुण्याच्या खडकवासल्याला १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी बसवलेली स्वयंचलित दारांची योजना पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही आली. सांक नदीवरचे हे धरण १९१६ चे. पुढच्याच वर्षी ते फुटले आणि नंतर पुन्हा बांधावे लागले. अभियंता एक असला तरी पाणी एक नाही. सह्याद्रीच्या पावसाचे पाणी मृदू असते आणि पुण्याची हवाही सौम्य. ग्वाल्हेरच्या घरात मात्र बहुधा दोन पाणी असतात: नळाला तिघऱ्याचे, आणि नळ आला नाही की बोअरचे. बोअरचे पाणी साधारणपणे जड, क्षार जास्त असलेले. कमी पावसाच्या वर्षी नळ एक दिवसाआड येतो आणि तेव्हा घराची टाकी कधी याने, कधी त्याने भरली जाते.

माणसाला हा फरक चहाच्या चवीत कळतो. माशाला तो कातडीत आणि कल्ल्यांत कळतो. बहुतेक कणखर मासे मध्यम जड पाण्यात नीट जगतात, पण आज मृदू आणि उद्या जड हा झोका त्यांना सोसत नाही. त्यामुळे एक पाणी ठरवावे आणि तेच धरावे. घरी आरओ लावायला येणाऱ्या माणसाकडे पाण्यातले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर असतो, तो फार महाग नसतो. एक घेऊन नळ आणि बोअर दोन्ही मोजले की पुढची निम्मी कोडी सुटतात. आरओचे शुद्ध पाणी एकटे वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच सैरभैर होतो. जड पाणी थोडे हलके करायला ते मिसळता येते. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र मूळ पाण्याहूनही जड असते. ते झाडांना किंवा फरशीला द्यावे, माशांना नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की तो बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, वापरावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाही. जड पाण्याचा पीएच बहुधा ८ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा धोका वाढतो.

टाकी पिकायला वेळ लागतो

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेला दाणा कुजला की त्यात भर. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर या अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे सुमारे दहापट. पाणी तापले की तो आणखी वाढतो. बोअरचे पाणी आणि मे महिना यांची गाठ पडली की अमोनियाचे थोडे प्रमाणही जिवावर बेतते ते यामुळे.

यावर निसर्गाचा इलाज जिवाणूंचा आहे. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट बरेच निरुपद्रवी. पूर्वीची पुस्तके दुसऱ्या कामाचे श्रेय नायट्रोबॅक्टरला देत. १९९० च्या दशकात घरगुती टाक्यांच्या फिल्टरमध्येच शोध घेतला गेला तेव्हा ते काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतो असे पुढे आले, आणि २०१५ मध्ये तर दोन्ही कामे एकटाच उरकणारा नायट्रोस्पिराही सापडला. ही वसाहत स्पंजवर, खडीवर, काचेवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यातले मृत्यू होतात ते या मधल्या काळात.

म्हणून टाकी भरून फिल्टर चालू ठेवावा, रोज अगदी चिमूटभर दाणा टाकावा, आणि महिनाभराने मासे आणावेत. कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा मळका स्पंज मागून आणावा; वसाहत तयारच मिळते. तो स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने बरेच जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा. लहान शांत माशांसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर उत्तम: स्वस्त, पिल्ले ओढून न घेणारा, आणि वीज गेल्यावर बॅटरीच्या पंपावरही चालणारा.

मे आणि जानेवारी

ग्वाल्हेरचा पारा मे-जूनमध्ये ४५ च्या वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे ५ च्या खाली येतो. बंद खोलीतल्या टाकीचे पाणी इतके टोकाला जात नाही, पण उन्हाळ्यात ३४-३५ अंश आणि हिवाळ्यात १३-१४ अंश सहज होते.

उन्हाळ्यातला पहिला धोका प्राणवायूचा. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि ३५ ला त्याहूनही कमी. पाणी जसे तापते तशी माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून हवा गिळू लागले की समजावे. इलाज साधे आहेत. एअर पंप बंद करू नये. झाकण काढून जाळी लावावी आणि पाण्यावर तिरका पंखा सोडावा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर आणखी बरे. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही, पण तोवर उन्हाचा जोर ओसरलेला असतो. फ्रीजरमध्ये गोठवलेली बंद बाटली तरंगती ठेवता येते, मात्र एका वेळी एकच. अर्ध्या तासात पाच अंश उतरवणे हे ३४ अंशांहून वाईट.

ग्वाल्हेरचा खरा सापळा छतावरची काळी टाकी हा आहे. मे महिन्यात दुपारी तिच्यातले पाणी आंघोळीलाही सोसत नाही, आणि जानेवारीत सकाळी ते बर्फासारखे असते. या पाण्याने थेट पाणी बदलले की धक्का बसतो. बादली आदल्या रात्री भरून टाकीच्या शेजारीच ठेवावी. क्लोरीन जातो आणि तापमानही जुळते, एका दगडात दोन कामे.

हिवाळ्यात हीटर लागतो की नाही हे माशावर ठरते. साधारण लिटरला एक वॅट हा हिशेब धरला तर दोन फुटांच्या टाकीला ५० वॅट पुरतो. थंडीच्या धक्क्यानंतर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, तो ‘व्हाइट स्पॉट’ हा परजीवी. दिवसाला एक-दोन अंश या गतीने पाणी २८ ते ३० पर्यंत नेऊन दहा-बारा दिवस ठेवले आणि पाण्यातली हवा वाढवली की तो बहुधा जातो. औषध लागलेच तर पूर्ण मुदतीने द्यावे, ठिपके गेले म्हणून मध्येच सोडू नये.

कोणता मासा

निऑन टेट्रापासूनच सुरुवात करावी लागते, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. हा वरच्या ॲमेझॉनचा, १९३६ साली शास्त्रीय नाव मिळालेला, जेमतेम सव्वा-दीड इंचांचा मासा. अंधाऱ्या, पालापाचोळ्याने तपकिरी झालेल्या, अत्यंत मृदू पाण्यात तो वाढतो आणि २१ ते २५ अंशांत खूश असतो. नई सडकेवर त्याला उन्हाळ्यात दहा अंश जास्त आणि हिवाळ्यात सात-आठ अंश कमी मिळतात, शिवाय पाणी जड. एसी असलेल्या खोलीत, हीटर लावून, आरओ मिसळून तो जगतो. ती तयारी नसेल तर त्याला आणू नये. त्याचा भाऊ कार्डिनल टेट्रा उष्णता थोडी अधिक सोसतो, पण त्याचे मृदू पाण्याचे वेड निऑनहून मोठे.

मलाया-सुमात्राकडचा हार्लेक्विन रासबोरा, पाठीमागे काळा त्रिकोण असलेला, स्वभावाने अतिशय शांत. त्यालाही मृदू पाणी आवडते, मध्यम पाणी तो चालवून घेतो, पण थंडीत हीटर लागतोच. श्रीलंकेच्या चेरी बार्बचेही तेच. विडो टेट्रा मात्र दणकट आहे, इथल्या पाण्यात टिकतो. तो घेताना काळाच घ्यावा; गुलाबी, हिरवे, जांभळे विडो बहुधा रंग चढवलेले असतात. आपल्याकडच्या पारदर्शक चंदा माशाचेही असेच हाल होतात. सुईने अंगात रंग टोचून तो ‘पेंटेड ग्लासफिश’ म्हणून जगभर विकला गेला. रंग काही महिन्यांत जातो, जखमेचा त्रास राहतो.

मग येतो झेब्रा. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर ग्रंथ काढला, त्यात २६९ माशांची वर्णने आहेत. त्यातच कोसी नदीतल्या या निळ्या-सोनेरी पट्ट्यांच्या माशाला ‘रेरियो’ हे नाव मिळाले. ओढ्यांचे संथ काठ, भातखाचरे, पावसाने साचलेली उथळ पाणी ही त्याची घरे. निसर्गात तो हिवाळ्यातल्या ६ अंशांपासून उन्हाळ्यातल्या ३८ अंशांपर्यंतच्या पाण्यात आढळला आहे. म्हणून त्याला मुद्दाम तसे छळावे असे नाही. १८ ते २८ अंशांत तो सुखी असतो. पण ग्वाल्हेरचा एखादा वाईट आठवडा तो निभावून नेतो, आणि इथे तीच खरी कसोटी. याच कणखरपणामुळे आणि पारदर्शक अंड्यांमुळे तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. २०१३ मध्ये त्याची संपूर्ण जनुकमाला प्रसिद्ध झाली तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडली. दुकानात सगळ्यात स्वस्त म्हणून त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. दहा-बारा झेब्रे लांब टाकीत फिल्टरच्या प्रवाहाविरुद्ध वळण घेताना पाहावेत, मग स्वस्त आणि साधा यांतला फरक कळतो.

रोझी बार्ब हाही हॅमिल्टनच्याच ग्रंथातला, उत्तर भारताच्या नद्यांचा. दोन-अडीच इंचांचा होतो, थंड पाणी त्याला उलट आवडते, आणि विणीच्या काळात नराचे अंग तांबूस-लाल होते. कोवळी झाडे मात्र खाऊन टाकतो. त्याच्याहून लहान हवा असेल तर गोल्डन ड्वार्फ बार्ब, म्हणजे ‘गेलियस’, दीड इंचातला, गंगेच्याच खोऱ्यातला आणि तितकाच सोशिक. तो दुकानात शोधावा लागतो, पण सांगून ठेवले तर येतो.

हिवाळ्याचा राजा चीनचा व्हाइट क्लाउड. १९३२ मध्ये ग्वांगझूजवळच्या पांढऱ्या ढगांच्या डोंगरावर तो प्रथम शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. १५ अंशांचे पाणी त्याला गारठवत नाही. पण ३० च्या वर तो कासावीस होतो, म्हणजे इथे जानेवारीसाठी योग्य आणि मेसाठी अयोग्य. तळाशी फिरणारे कोरीडोरास शांत असतात, थव्याने राहतात, पण तेही फार उष्ण पाण्यात दमतात आणि बारीक, गोलसर वाळू मागतात.

पश्चिम घाटाचा मोह सगळ्यात मोठा. लाल-काळ्या पट्ट्याचा ‘मिस केरला’, म्हणजे डेनिसन बार्ब, पाहताक्षणी कोणालाही हवासा वाटतो. तो वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांचा मासा आहे; चार ते सहा इंच वाढतो आणि त्याला चार फुटांची टाकी कमीच पडते. निर्यातीसाठी अतोनात पकडल्याने तो संकटग्रस्त यादीत गेला. पाळायचाच तर पैदास केंद्रातला आहे याची खात्री करून. सह्याद्रीच्या पलीकडचा एक लहान बार्ब मराठी वाचकाला माहीत असावा: गोवा-कोकण पट्ट्यातला ‘सेतनाई’. १९९२ मध्ये बी. एफ. छापगर आणि एस. आर. साने यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. छापगर हे मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक होते. आपल्याकडे मत्स्यालय हे फक्त बघण्याचे ठिकाण नव्हते, तिथल्या माणसांनी शास्त्रात भर घातली, याची ही खूण.

कोणाला शेजारी देऊ नये

टायगर बार्ब थव्याचाच, पण शांत नव्हे. लांब पर असलेल्या एंजल किंवा गप्पीचे पर तो कुरतडतो. एंजल स्वतः मोठा झाला की निऑनएवढा मासा गिळतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, फार घाण करणारा आणि मोठा होणारा. वास्तूच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटांच्या टाकीत कोंबले जातात, तिथे शांतीपेक्षा अमोनियाच जास्त येतो. दुकानातला दोन इंची ‘शार्क’ बहुधा पंगास असतो. नदीत तो मीटरभर वाढतो. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर फूट-दीड फुटाचा होतो.

असे वाढलेले मासे पुण्य समजून नदी-तलावात सोडणे हा दुसरा घात. सकर मासे अशा वाटेनेच भारतभरच्या पाण्यांत पसरले. २०२० मध्ये वाराणसीच्या गंगेतही सापडले. ग्वाल्हेरच्या उत्तरेला घडियालांसाठी राखलेली चंबळ वाहते. तिघऱ्यात किंवा एखाद्या नाल्यात टाकलेला परका मासा पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात नाही. नको झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. डासांसाठी नगरपालिका हौदांत गप्पी सोडतात, त्यावरही अभ्यासकांमध्ये आता मतभेद आहेत, कारण उघड्या पाण्यात गेलेला गप्पी स्थानिक माशांच्या जागेत घुसतो.

बाजार आणि विवेक

शोभेच्या माशांची आपल्याकडची मोठी केंद्रे म्हणजे कोलकाता आणि त्याच्या आसपासचे जिल्हे, आणि चेन्नईचे कोळत्तूर. कोलकात्याचा गालिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार आणि मुंबईत कुर्ल्याचा पहाटेचा बाजार हौशी लोकांत प्रसिद्ध आहेत. ग्वाल्हेरच्या दुकानात पोहोचलेला मासा बहुधा असा लांबचा प्रवास पिशवीत करून आलेला असतो. आल्या आल्या तो विकत घेऊ नये. आठवडाभर दुकानात टिकलेला घ्यावा. घरी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून, मग थोडे थोडे आपले पाणी तिच्यात मिसळून, जाळीने मासा सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

पकडलेला मासा वाईट आणि पैदास केलेला चांगला, असा सरसकट नियमही लावता येत नाही. ब्राझीलच्या रिओ नेग्रोवर बार्सेलोस परिसरातली कुटुंबे कार्डिनल पकडून जगतात, आणि त्यामुळेच तिथले जंगल तोडण्यापेक्षा राखणे त्यांना परवडते. डेनिसनची गोष्ट नेमकी उलटी. प्रत्येक माशाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. महाराष्ट्रात कोकण कृषी विद्यापीठाच्या सिंधुदुर्गातल्या मुळदे केंद्रात शोभिवंत माशांच्या पैदाशीचे काम चालते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा घरगुती पैदास घटकांना ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य ठेवले गेले. झेब्रा आणि रोझी बार्ब यांची पैदास सोपी असते. ग्वाल्हेरमध्येच जन्मलेला, इथल्याच पाण्यात वाढलेला थवा मिळू लागला तर पहिल्या पंधरवड्यातले काही मृत्यू तरी टळतील.

तर मग काय करावे

नई सडकेवरच्या साध्या, एसी नसलेल्या घरासाठी हिशेब असा निघतो. खालच्या मजल्यावर, उन्हाच्या खिडकीपासून लांब दोन फुटांची टाकी. स्पंज फिल्टर आणि बॅटरीचा जादा पंप. महिनाभर रिकामी चालवलेली. तिच्यात दहा-बारा झेब्रे किंवा आठ रोझी बार्ब, यांपैकी एकच. जानेवारीसाठी एक लहान हीटर, मेसाठी एक पंखा. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे, आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादलीतले. दाणा दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकाच. मासे उपाशी फार क्वचित मरतात, लाडाने दिलेल्या दाण्याने रोज मरतात. एसीची खोली आणि आरओ असलेल्यांना हार्लेक्विन किंवा निऑनचा थवा शक्य आहे, पण वीज गेली तर काय, याचे उत्तर आधी तयार हवे.

शेवटचा प्रश्न इथल्या मराठी घरांना विशेष लागू आहे. सुट्टी लागली की मे महिन्यात घराला कुलूप लावून महिनाभर पुण्याला, नागपूरला किंवा इंदूरला जाणारी कुटुंबे अनेक आहेत. मोठा निरोगी मासा आठवडाभर दाण्याविना राहतो, पण बंद घरात ४५ अंशांच्या दुपारी वीज गेलेल्या टाकीत राहत नाही. शेजारी चावी घेणारे कोणी असेल, तर त्यांच्याकडे रोजच्या दाण्याच्या मोजून बांधलेल्या पुड्या आणि बॅटरीचा पंप देऊन जावे. तसे कोणी नसेल, तर त्या घराने टाकी घेऊ नये. मासे कितीही कणखर निवडले तरी तिथे तो हिशेब जुळत नाही.